वाघजाईवाडीचा पिंजरा

वाघजाईवाडी, ता. पाटण
११ ऑगस्ट २०२४

चि. सौ. सुनयना हिस आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस. सगळं ठीक आहे असं लिहिणार होतो, पण ठीक काही नाही. अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढली, कान तिथंच ठेवून आलो. तुझ्या सासूला ऐकू येतं, पण झटका आल्यापासून तिची जीभ वळत नाही. अशा घरात फोन काय कामाचा? शेजारची द्वारका मध्ये उभी राहून तुझं बोलणं माझ्या कानात ओरडते आणि ते निम्म्या आळीला कळतं. म्हणून यापुढं कागदावर लिहीत जाईन. तूही तसंच कर.

पाच महिने झाले. उजवा हात आणि पाय तसेच आहेत. सकाळी द्वारका येते, प्रभावतीला अंघोळ घालते, वेणी घालते. बाकी दिवसभर मी. डॉक्टर म्हणतात व्यायाम करून घ्या. पाटणहून एक बाई लावली होती, दोन दिवस आली. घरचं माणूस ते घरचं माणूस. इंद्रजितला सिक्कीमहून लवकर सुट्टी मिळायची नाही हे मला कळतं. त्याला लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं की दिवाळीला तू आणि इशिता सामानासकट गावी याल. क्वार्टर सोडून द्या. इशिताचं नाव पाटणच्या शाळेत घालू. तू तिकडं शाळेत शिकवतेस असं तो म्हणाला होता. तिथं नोटीस द्यायची असेल तर वेळेत दे.

दुसरं, गावात बिबट्या आला आहे. मंगळवारी दिवेलागणीला आपला खंड्या कुत्रा ओट्यावरून नेला. मी दारात पाठमोरा चपला घालत होतो. मला काही ऐकू आलं नाही. वळलो तर ओटा मोकळा. पाटणची बाई यायची बंद झाली ती यामुळंच, पाणंदीतून चालायला घाबरते. वनखात्याकडं पिंजऱ्याचा अर्ज दिला आहे. पहिली सही माझी.

हिंमतराव


दिल्ली छावणी
२५ ऑगस्ट २०२४

ती. मामंजींना नमस्कार.

पत्र पोचलं. इशिताला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "ओटा म्हणजे काय?" दिल्लीत वाढलेलं पोर, तिला चबुतरा म्हटल्यावर कळलं. खंड्याचं ऐकून मात्र ती जेवली नाही.

आत्याबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवत जा, म्हणजे पाठीला जखमा होणार नाहीत. मऊ गादीपेक्षा हवेची गादी मिळाली तर बघा.

दिवाळीला सामानासकट यायचं हे यांनी ठरवलं आहे ते मला तुमच्या पत्रातून कळलं. इशिताचं वर्ष मार्चला संपतं. हे फील्डमध्ये असेपर्यंत क्वार्टर आपल्याकडे राहू शकतं. याबद्दल सविस्तर कळवीन.

मामंजी, पिंजऱ्याचा अर्ज थोडा थांबवता येईल का? आमच्या शाळेत एक मॅडम आहेत, त्यांचा या विषयाचा अभ्यास आहे. त्या म्हणतात, एक बिबट्या धरून नेला की त्याची जागा फार दिवस मोकळी राहत नाही. दुसरा येतो, बहुतेक वेळा तरुण, ज्याला गावाची सवय नसते. त्यापेक्षा एसटी थांब्यामागं कोंबड्यांची घाण टाकतात ती बंद करावी. तिच्यासाठी कुत्री जमतात आणि कुत्र्यांसाठी बिबट्या. शेळ्या जाळीत कोंडाव्यात, अंधार पडल्यावर पाणंदीनं जाताना मोठ्यानं बोलत जावं.

सुनयना


वाघजाईवाडी
१५ सप्टेंबर २०२४

सुनयना,

गणपतीला द्वारकाचा जावई आला होता. मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात असतो. त्यानं मांडवात फोन काढून सगळ्यांना व्हिडिओ दाखवला. रविवारी पोरांना घेऊन तो दिल्लीच्या चिडियाघरात गेला होता. वाघाच्या कुंपणासमोर एक बाई डोक्यावर पट्ट्यांची टोपी घालून, हातात माइक धरून पोरांना काही सांगत होती. काय ते मला ऐकू आलं नाही. दिसलं मात्र नीट. ती तू होतीस.

लोक हसले. सुभेदारांची सून वाघ दाखवते म्हणाले.

काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तुम्ही नवराबायकोनं मला शाळा म्हणून सांगितलंत. फौजेत नेम चुकला तर माफी असते, खोट्या रिपोर्टला नसते. त्या रिपोर्टच्या भरवशावर मागं कोणीतरी तोफ लावून बसलेला असतो. आणि मग शाळेतल्या मॅडमच्या नावानं तू मला बिबट्या शिकवलास. तिकडं कुंपणामागं बिबट्या गरीब दिसत असेल. इकडं द्वारकाची गाभण शेळी त्यानं गोठ्याचं दार वाकवून नेली. दोन दिवस तिच्या घरात चूल पेटली नव्हती.

पिंजरा आला आहे. उसाच्या बांधावर ठेवला आहे.

दिवाळीचं तू स्पष्ट काही लिहिलं नाहीस हेही माझ्या लक्षात आलं आहे.

हिंमतराव


दिल्ली छावणी
२९ सप्टेंबर २०२४

मामंजी,

शाळा हा शब्द यांनी सुचवला, पण मी तो चालू दिला. म्हणजे खोटं माझंही आहे. बचाव करत नाही. झालं कसं तेवढं सांगते.

गेल्या वर्षी हे सिक्कीमला गेले. इथं दोन खोल्या, एक गॅलरी, खाली गेटवर पहाऱ्याचा जवान. सकाळी इशिता बसनं जाते, दुपारी येते. मधल्या सहा तासांत मी एकच फरशी तीनदा पुसायची. बी.एस्सी. झाल्यावर मला कोणी विचारलंच नाही की आता काय करणार, आणि मीही कोणाला सांगितलं नाही. एका रविवारी पोरीला चिडियाघर दाखवायला नेलं. बिबट्या झोपला होता. तो उठावा म्हणून लोक खडे मारत होते. एक गृहस्थ मुलाला खांद्यावर घेऊन ओरडायला शिकवत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "भैया, ये सो रहा है. आपके घर में कोई ऐसे पत्थर मारे तो?" आधी हसले, मग त्यातल्याच एकानं विचारलं की हा खातो काय. मी सांगितलं. मग दुसऱ्यानं विचारलं. पाऊण तास मी बोलत होते आणि लोक ऐकत होते. मागे क्षिप्रा मॅडम उभ्या होत्या. आर. के. पुरममध्ये त्यांची छोटी संस्था आहे, चिडियाघरात येणाऱ्या मुलांना शिकवणारी माणसं ती तयार करते. इथंच नाही, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान, सगळीकडे. त्या म्हणतात, आपल्याकडच्या गरीब मुलाला जंगल दिसतं ते फक्त चिडियाघरात, आणि तिथंही ते खडा मारून परत जातं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं.

तो बिबट्या आपल्या महाराष्ट्रातलाच आहे. उसातल्या पिंजऱ्यात सापडलेला. लोखंड चावून चावून त्याचा वरचा सुळा तुटला. सुळ्याशिवाय शिकार करता येत नाही, म्हणून परत सोडता आला नाही. भिंतीपासून भिंतीपर्यंत तो अठरा पावलं चालतो आणि रोज त्याच जागी वळतो. मी मुलांना सांगते की तो इथं सुरक्षित आहे. ते खोटं नाही, पण पुरतंही नाही. मामंजी, तुम्ही लावलेल्या पिंजऱ्याचा रस्ता जिथं संपतो तिथं मी नोकरी करते. म्हणून लिहिलं होतं.

डिसेंबरात या सगळ्या देशांतल्या शिक्षकांचं आठ दिवसांचं शिबिर दिल्लीत आहे. त्यात माझी निवड झाली आहे. मला मार्चपर्यंत राहू द्या, एवढीच विनंती आहे. आत्याबाईंना सांगा की मी त्यांना विसरलेली नाही.

सुनयना


वाघजाईवाडी
२४ ऑक्टोबर २०२४

चि. सुनयना,

रविवारी सकाळी बिबट्या सापडला. मादी आहे.

मी पोचलो तेव्हा दीड-दोनशे माणसं होती. वनखात्याची गाडी कराडहून यायची होती, तिला सहा तास लागले. तेवढ्या वेळात लोकांनी काय काय केलं ते मी लिहीत नाही. काठ्या, दगड, फोन. एकानं फटाका पेटवून आत टाकला. तेव्हा मी पुढं झालो, पिंजऱ्याला पाठ लावून बसलो आणि म्हणालो, आता मारा. सुभेदाराला कोण मारणार? मागं सरले. मग मी तिथंच बसून राहिलो.

ती ओरडत होती म्हणे. मला ऐकू येत नव्हतं. पण पाठ लोखंडाला टेकलेली होती, तिनं दात लावले की ते माझ्या पाठीतून जाई. तोफेचा धक्का मी पुष्कळ खाल्ला आहे. हा तसला नव्हता. दुपारी गाडी आली तेव्हा तिच्या तोंडातून रक्त येत होतं. सुळा तुटला होता. वनरक्षक म्हणाला, आता ही जंगलात सोडण्यासारखी नाही, वनखात्याच्या केंद्रात नेऊ. तू लिहिलं होतंस तसंच झालं. तेव्हा मला तुझा राग आला होता, हेही लिहून ठेवतो.

घरी आलो तर प्रभावती जागीच होती. आवाज तिनं सहा तास ऐकला होता. तिनं जेवण घेतलं नाही.

पडून पडून तिची पाठ सोलली आहे. द्वारका लेकीच्या बाळंतपणाला मानेसरला गेली आहे, दीड महिना यायची नाही. अंघोळ मीच घालतो. बाईमाणसाची अंघोळ मला नीट जमत नाही, तिला लाज वाटते, डोळे मिटून घेते. कमरेजवळ दोन जखमा झाल्या आहेत. पुसतो, पावडर लावतो. तुला ये म्हणत नाही. मार्च म्हणालीस, मार्च. नुसतं कळवलं.

हिंमतराव


दिल्ली छावणी
५ नोव्हेंबर २०२४

मामंजी,

तुम्ही "ये" म्हणाला असता तर मला उत्तर देता आलं असतं. "नुसतं कळवलं" याला काय उत्तर देऊ? दिवाळीत आम्ही दोघींनी एक पणती लावली आणि टीव्ही बघत बसलो. इशितानं तीनदा विचारलं, आजीच्या पाठीला बँडेड लावलं का.

जखमांना पावडर लावू नका. कोमट मिठाच्या पाण्यानं पुसून कोरडी करा आणि तो भाग टेकू देऊ नका. पाटणच्या दवाखान्यातल्या सिस्टरला एकदा घरी आणून दाखवा.

मी एक सुचवते. तुम्ही दोघं इथंच या. छावणीत फौजी इस्पितळ आहे, तुमचं माजी सैनिकाचं कार्ड चालेल, रोज व्यायाम करून घेणारे तिथं आहेत. क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण खालचे जवान खुर्चीत बसवून आत्याबाईंना वर आणतील. मी सकाळी त्यांचं आवरून कामाला जाईन, दुपारी परत येईन. थंडीत इथली हवा वाईट असते, खिडक्या उघडता येत नाहीत, हे आधीच सांगते. तरी माणसं एका जागी राहतील. आत्याबाईंना विचारून बघा.

सुनयना


वाघजाईवाडी
१९ नोव्हेंबर २०२४

चि. सुनयना,

विचारलं. दिल्ली म्हटल्याबरोबर तिनं डाव्या हातानं खाटेचा गज धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. तेव्हा ते राहिलं. खिडकी उघडता येत नाही असल्या घरात मीही राहू शकणार नाही.

पण एक बरी बातमी. द्वारका पंधरा दिवसांत परत येते आहे. तिनं निरोप पाठवला की यापुढं दोन्ही वेळ येईन, व्यायामही शिकून घेईन. सिस्टरनं जखमा पाहिल्या, एक सुकते आहे. तेव्हा मार्चपर्यंत तू निर्धास्त राहा. द्वारकाचं बस्तान नीट बसलं तर मार्चनंतरचंही बघू. हे मी इंद्रजितला कळवलेलं नाही, तुलाच लिहितो आहे.

आता माझं काम. तू म्हणाली होतीस तसा दुसरा बिबट्या आला. नर आहे, धीट आहे, भरदुपारी रस्त्यावर बसलेला दिसला. लोक परत पिंजरा मागताहेत. बावीस डिसेंबरला ग्रामसभा आहे. मला परत त्या लोखंडाला पाठ लावून बसायचं नाही. सभेत काय बोलायचं ते तू मला लिहून दे. माझे कान गेलेत, आवाज शाबूत आहे.

हिंमतराव


दिल्ली छावणी
१२ डिसेंबर २०२४

मामंजी,

शिबिर संपलं. इतके दिवस मी इतकं बोलले की घसा बसला आहे, आणि तरी तुम्हाला लिहायची घाई झाली आहे.

पाच देशांतली बावीस माणसं होती आणि सगळ्यांची रड एकच. शाळेची बस अकराला येते, गुरुजी चहाला बसतात, मुलं चाळीस मिनिटांत तीस पिंजरे बघून पळतात. जाताना त्यांना आठवतं ते आइस्क्रीम. नेपाळच्या फूलमती चौधरी माझ्याच टेबलाशी बसायच्या. चितवनकडच्या. गवत कापायला गेलेला त्यांचा भाऊ वाघानं मारला. दोन वर्षांनी त्यांनी चिडियाघरात, वाघासमोर उभं राहून मुलांना शिकवायची नोकरी धरली. पहिला आठवडा त्या वाघाकडे पाठ करून बोलायच्या. मी विचारलं की भावाचं मुलांना सांगता का. त्या म्हणाल्या, "सबसे पहले उसी का नाम बताती हूँ. जिसका कुछ गया है, उससे पहले पूछो क्या गया. जानवर की बात बाद में." आजवर आम्ही सगळेच उलटं करत होतो. आधी जंगल, आधी वाघ, आधी पृथ्वी, आणि ज्याची शेळी गेली तो मागे उभा.

पाचव्या दिवशी मला पाठ घ्यायचा होता. तक्ते तयार होते. मी ते गुंडाळून ठेवले आणि द्वारकावहिनींच्या गाभण शेळीपासून सुरुवात केली. मग खंड्या, मग पिंजरा, आणि पिंजऱ्याला पाठ लावून बसलेला एक बहिरा सुभेदार. बांगलादेशातले एक गृहस्थ सुंदरबनातल्या गावांत काम करतात, ते म्हणाले की हा पाठ मला बांगलात हवा आहे. तुम्हाला न विचारता तुमची गोष्ट सांगितली, त्याबद्दल रागवा.

संध्याकाळी क्षिप्रा मॅडमनी मला कायम जागा देऊ केली. बिबट्यांच्या गावांसाठी मराठीतून पाठ तयार करायचे, वर्षातून दोनदा नेपाळ नाहीतर श्रीलंकेत जाऊन शिक्षकांना शिकवायचं. "तू अगदी हेच करायला हवंस," म्हणाल्या. मी एका रात्रीची मुदत मागितली, पण ती नुसती रीत म्हणून. मी मनातून हो म्हटलं होतं. सकाळी तोंडानंही म्हटलं.

मामंजी, मला मार्चनंतरही इथं राहायचं आहे. हे मी यांनाही सांगितलेलं नाही. तुम्ही मार्चनंतरचं बघू असं लिहिलंत, ती ओळ मी इतक्यांदा वाचली की कागद मऊ झाला. द्वारकावहिनींना माझ्याकडून साडी घ्या. मी दर सहा महिन्यांनी पंधरा दिवस येऊन आत्याबाईंचं सगळं करीन.

सभेसाठी चार पानं जोडली आहेत. वाचून दाखवायची घाई करू नका. आधी प्रत्येकाला विचारा, तुमचं काय गेलं.

सुनयना


वाघजाईवाडी
३० डिसेंबर २०२४

चि. सुनयना,

सभेचा रिपोर्ट देतो.

मला ऐकू येत नाही, म्हणून शाळेतली पाटी मागवली. म्हटलं, ज्याचं जे गेलं ते त्यानं पाटीवर लिहावं, मी वाचून दाखवीन. पाटी दीड तास फिरली. शेळी. शेळी. कालवड. कुत्रा. सहा कोंबड्या. एकानं लिहिलं, लेकीचं कॉलेज, कारण ती संध्याकाळच्या एसटीनं यायला घाबरते. एका म्हातारीनं गुरुजींकडून लिहवून घेतलं, झोप. सगळं वाचून होईपर्यंत ओरडणारे खाली बसले होते. मग मी तुझी पानं वाचली. शेवटी मी त्या मादीचं सांगितलं, पाठीतून काय गेलं ते. ते तू लिहिलेलं नव्हतं.

पिंजरा मागायचा नाही असं ठरलं. थांब्यामागची घाण बंद, पाणंदीला दिवे, गोठ्यांना जाळी, संध्याकाळच्या एसटीला दोन माणसं टॉर्च घेऊन जाणार. माणसावर हल्ला झाला तर परत सभेला बसायचं. सगळ्यांनी हात वर केले, द्वारका सोडून.

ती पाटीवर काही लिहायला तयार झाली नव्हती. हात वर झाल्यावर उठली आणि माझ्या कानाजवळ येऊन म्हणाली, ते मात्र मला ऐकू आलं. "तुमच्या सुनेला जनावराची दया आली. माझ्या शेळीनं तुमच्या सुनेचं काय केलं होतं?" आणि निघून गेली. तेव्हापासून ती आपल्या घरी आलेली नाही. मी दोनदा जाऊन आलो. दार उघडत नाही. जाळी मी माझ्या हातानं तिच्या गोठ्याला लावून दिली, ती तिनं काढून टाकली. गावातली दुसरी कोणी तिची जागा घ्यायला तयार नाही. द्वारकाला दुखावून कोण येणार?

सुकत आलेली जखम परत उघडली आहे. मंगळवारी प्रभावतीला उचलताना माझी कंबर गेली. दोघंही तासभर खाली फरशीवर होतो. दूधवाला आला तेव्हा उठलो.

तुझं पत्र उशीखाली आहे. तिला वाचून दाखवलं, नेपाळच्या बाईपर्यंत. पुढचं वाचलं नाही. मोठ्या मनाचा असतो तर लिहिलं असतं की येऊ नकोस, तुझं काम कर. चार वेळा तसं लिहायला बसलो. कागद फाडले. मला एकट्याला ती उचलत नाही, सुनयना. तू ये.

हिंमतराव


दिल्ली छावणी
१२ जानेवारी २०२५

मामंजी,

येते.

क्षिप्रा मॅडमना काल सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्यानं जास्त त्रास झाला. हे फोनवर म्हणाले, तू ठरव. सगळं ठरून झालं की मला ठरवायला सांगतात. इशिताचा दाखला काढला. तिनं मैत्रिणींना सांगितलं की आम्ही सुट्टीला चाललो आहोत, मी ते दुरुस्त केलं नाही.

द्वारकावहिनींवर माझा राग नाही. त्यांना विचारायचं ते मी दिल्लीत बसून तुम्हाला विचारायला लावलं. मी आल्यावर त्यांच्या दारात जाईन, उघडेपर्यंत जाईन. त्यांनी दार उघडलं तर मी परत जाईन असं मनात धरून येत नाहीये. ते मनात धरलं तर त्यांच्याशी खरं बोलता येणार नाही.

मी आनंदानं येत नाही हे स्पष्ट लिहिते. आत्याबाईंचं सगळं मनापासून करीन, त्यात कुचराई होणार नाही. पण तुम्ही मला हसताना बघितलंत तर ती आनंदाची खूण समजू नका.

एक मागणं आहे. आपल्या खोऱ्यात सतरा शाळा आहेत, सगळ्या उसाच्या काठाला. दर शनिवारी मला एका शाळेत जायचं आहे. मॅडम पाठांचं साहित्य पाठवायला तयार आहेत. त्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत आत्याबाईंचं तुम्हाला बघावं लागेल, कंबर सांभाळून. आणि लोक हसतील तेव्हा तुम्ही गप्प बसायचं नाही.

तिकिटं सव्वीस तारखेनंतरची मिळाली, एकोणतीसची. निजामुद्दीनहून निघून कराडला उतरू. शनिवारचं जमत असेल तर दोन ओळी लिहा. नसेल तरी गाडी तीच आहे.

सुनयना


वाघजाईवाडी
१९ जानेवारी २०२५

चि. सुनयना,

पत्र वेळेत पोचावं म्हणून पाटणला जाऊन टाकतो आहे. कराडला उतरा, मी स्टेशनात उभा असेन. हाक मारू नका, जवळ येऊन हात लावा.

शनिवार तुझा. कोणी हसलं तर मी बघून घेईन. बाकीच्या सहा दिवसांबद्दल तुला काही लिहावं म्हणून तासभर बसलो होतो. काही सुचलं नाही.

हिंमतराव